पोट ज्याचं त्याचं

लाखांदूरजवळ डुकरं पाळणारी एक बाई मला तीनदाच भेटली. डुकरांच्या पोटातल्या जिवाणूंच्या अभ्यासासाठी मी विष्ठेचे नमुने गोळा करत होतो. तिची एक डुकरीण विताना मेली, तेव्हा तिची पिलं बाईने दुसरीच्या पिलांत सोडली होती. पुढे सगळी एकाच भांड्यात खात. तरी मेलेलीच्या पिलांत जिवाणू वेगळे निघाले.

मी चौकात, लोकांसमोर तिला म्हणालो, "यांना चोरून वेगळं खायला घालतेस ना?"

ती हातातल्या काडीने माती उकरत राहिली. "कायले घालू, साहेब? दूध एकीचं, खानं एक. पन पोट ज्याचं त्याचं रायते, मायबापावर जाते."

लोक खो खो हसले. मी तिचे नमुने बाद केले. गावात ती खोटारडी ठरली.

पुढे इतर कळपांतही तेच दिसलं. खाणं सारखं असूनही वंशाप्रमाणे जिवाणूंत फरक होता. अहवालात मी ते स्वतःचं निरीक्षण म्हणून लिहिलं, आणि मग राहवेना म्हणून तिची माफी मागायला गेलो.

"मले काहून सांगता, साहेब? मले तं मालूमच होतं," ती म्हणाली. "तवा जे हासले, त्याईले सांगा."

ती माणसं चौकातच बसली होती. मी त्यांच्यासमोरून मान खाली घालून गेलो आणि एसटीत बसलो.