गाबोळीची परात

वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या एका नाखवीणबाईनं मला घरात घेतलं, हे सगळ्यात आधी लिहिते. बाकीचं लिहिता लिहिता रडू आलं तर तेवढंच राहून जाईल, अशी भीती वाटते.

बोटीच्या मालकाची ती विधवा. मी तिला बाय म्हणायचे. मी मालवणकडची, सातवीतून शाळा सुटलेली, पार्ल्यात एका घरी धुण्याभांड्याला होते. त्या घरच्या साहेबांची बदली बडोद्याला झाली. गावी माझी वाट बघणारं कोणी उरलं नव्हतं. मागच्या दारी मासे घेऊन येणाऱ्या बायनं मला जिन्यावर बसलेलं बघितलं.

"मासली कापता येते का गो?"

"माका सगळा येता," मी म्हटलं. बांगड्यापलीकडे मला काही येत नव्हतं.

ती हसली. "चल तर. हात शिकतील."

हात शिकले ते कुप्यावर. कुप्यालाच ट्यूना म्हणतात हे मला फार नंतर कळलं. पाण्याबाहेर आला की लगेच गळ्याशी चीर देऊन त्याचं रक्त काढायचं, पोटात बर्फ भरायचा. ऊन लागलेला कुपा खाल्ला की अंगाला खाज सुटते. पार्ल्याच्या बायका ते लाल मांस बघून तोंड वाकडं करायच्या. बाय म्हणायची, "वहिनी, पापलेट कोन पन खातंय. कुपा खायला मानूस लागतो." आणि घ्यायला लावायची.

तिच्या सासूच्या सासूपासून त्या घराकडे एक काम होतं. उन्हाळा सरता सरता कापलेल्या कुप्यांच्या पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, भरलेली दिसायला लागली की ती विकायची नाही. परातीत घालायची, वर केळीचं पान झाकायचं आणि किनाऱ्यावर जमातीच्या म्हाताऱ्यांपुढे नेऊन ठेवायची. अंड्यांवरचा मासा आता धरायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या उधाणाला होड्या वाळूवर ओढल्या जायच्या, त्या नारळी पुनवेला नारळ वाहीपर्यंत तिथेच. पाऊस कधी लागतो त्यावर हे थांबणं नव्हतं. माशाच्या पोटावर होतं, आणि ते पोट उघडणाऱ्या बाईच्या शब्दावर.

त्या वर्षी बायची नजर अधू झाली होती, म्हणून कोयता माझ्या हातात. एका सकाळी पहिला कुपा फाडला, गाबोळी. दुसरा, तीच. तिसरा फाडताना माझे हात थांबले. सांगितलं तर अख्ख्या वाड्याचं काम थांबणार, आणि ते कोणाच्या तोंडून, तर परक्या मुलखातून आलेल्या माझ्या. बायनं हात पुढे केला. मी गाबोळी तिच्या तळव्यावर ठेवली. तिनं ती अंगठ्यानं चाचपली आणि म्हणाली, "परात आन."

तिच्या मुलानं नुकतीच इंजिनाची मोठी बोट केली होती, नायलॉनच्या जाळ्यांची. परात बघून तो दारातच उभा राहिला.

"आये, औंदा नको. आपन थांबू आनि ते ट्रॉलरवाले बाहेर सगळं खरवडून नेतील. मंग आपनच कशाला घरी बसायचं?"

"त्यांची आय त्यांना सांगत नसंल. तुजी सांगते."

"आनि ही कोन? मालवनवाली. हिनं बघितलं म्हनून मी बोट ओढू?"

"ही माजे डोले हाय," बाय म्हणाली.

तो दारातून बाजूला झाला. बायनं परात नेली. म्हाताऱ्यांनी पान उचलून बघितलं, माना हलवल्या. चार जुन्या होड्या वर आल्या. मुलाची बोट मात्र उधाणाच्या त्याच भरतीला बाहेर गेली. तिच्या मागे दुसरी, मग तिसरी. बाय वाळूत उभी होती. बोटी दिसेनाशा झाल्या तरी ती विचारत राहिली, "वलला का गो? मागं वलला का?"

मी म्हटलं, "धूर दिसतो फक्त."

तो परत आला. वादळ नव्हतं, काही झालं नाही. उलट बोट काठोकाठ भरलेली होती. सगळ्यांनीच एवढा कुपा आणला की बर्फ पुरला नाही. दुपारपर्यंत मांस काळं पडलं. शेवटी खतवाल्याचा ट्रक आला आणि फावड्यानं भरून घेऊन गेला. एक फुटलेला कुपा ट्रकमागं पडला, त्यातली गाबोळी वाळूत सांडली होती. बायला दिसली नसेल असं मला वाटलं. ती खाली बसली आणि हातानं वाळू ओढून तिच्यावर घालत राहिली. मुलगा लांब उभा होता. तो जवळ आला नाही, हिनं हाक मारली नाही. एका घरात राहून दोघं एकमेकांशी बोलायचे थांबले.

पुनवेनंतर किनाऱ्याजवळच्या जाळ्यांत कुपा येईनासा झाला. आमच्या बोटींमुळे की ट्रॉलरांमुळे, मला ठाऊक नाही. मुलगा आठवडा आठवडा लांब समुद्रात राहून कुपा आणायला लागला. जुन्या होड्या विकल्या गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मी कोयता धुवत होते तेव्हा बाय हळूच म्हणाली, "पोरी, पोटात काय निघालं ते मला आता सांगू नको."

मी सांगितलं नाही. गाबोळी वेगळी बांधून पार्ल्यात विकली. ती पुडी बांधताना बाय तोंड भिंतीकडे करून बसायची.

त्याच वर्षी तिनं एका गिऱ्हाइकाकडे शब्द टाकून मला विक्रोळीच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये लावलं. "जा तू. हितं तुला शिकवायला काय उरलं नाय." मी आज जेवते ती तिच्यामुळे. पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवायचा सरकारी हुकूम यावा, अशी बोलणी चाललीत म्हणे. तिला कोणी विचारलेलं नाही.

आमच्या मालवणकडच्या किनाऱ्यावर म्हणे अजून होड्या वेळेवर वर घेतात. म्हणे, कारण मी कितीतरी वर्षांत गेलेले नाही, आणि जाऊन बघायला भीती वाटते. तरी बाय, एक दिवस तुला तिकडे नेणार. वाळूवर ओढलेल्या होडीच्या कडेवरून तुझा हात फिरवणार. नसलीच एखादी, तर मी चार माणसांच्या पाया पडेन आणि एक तरी तुझ्या शब्दावर ओढायला लावीन. एवढं मी तुझं फेडणार आहे.