अर्ध्या दिवसाचा भरवसा

सोलमधल्या त्या छोट्या सहल-कचेरीत ताक ग्योंगजाला बावीस वर्षं झाली होती, आणि बावीस वर्षं लोक तिला एकच प्रश्न विचारत होते : उत्तर कोरियाच्या सीमेची सहल अर्ध्या दिवसाची घ्यावी की पूर्ण? उत्तर मागच्या फळ्यावर भल्यामोठ्या अक्षरांत होतं. अर्ध्या दिवसात भुयार आणि टेहळणीचा मनोरा, दुपारी परत. पूर्ण दिवसात आधी झुलता पूल, मग जेवण, मग तेच भुयार, तोच मनोरा. तरी लोक फळा वाचून झाल्यावर विचारायचेच, "पण तुम्ही कुठली घ्याल?"

ती सांगत नसे. पूर्वी एकदा सांगितलं होतं. त्या दिवशी मनोऱ्यावरून उत्तर कोरियाऐवजी धुकं दिसलं, आणि एका गृहस्थांनी त्या धुक्याचा जाब तिला विचारला. तेव्हापासून आपलं, "तुमच्या सोयीनं बघा."

ऑक्टोबरात एका सकाळी साठीचे प्यो सोंगते सत्त्याऐंशी वर्षांच्या आईला घेऊन आले.

"उद्याची दोन तिकिटं. अर्ध्या दिवसाची."

"पूर्ण," आजी म्हणाल्या.

"आई, तुझे गुडघे बघ! पुलावर काय झोके घेणार आहेस?"

"तू घे. मी खाली बसेन."

"अगं, मनोरा दोन्हींत तोच आहे! ताई, तुम्हीच सांगा हिला."

ग्योंगजा गेली दहा मिनिटं तेच सांगत होती. मागे रांग चुळबुळत होती.

आजींनी टेबलावर बोट आपटलं. "लढाईत पलीकडचं घर सोडून निघालो, तेव्हा दाराला कडी घालताना माझी आई म्हणाली होती, अर्ध्या दिवसात परत येऊ. मी तेरा वर्षांची होते. त्या अर्ध्या दिवसाला आता सत्तरावर वर्षं झाली. मला नको तुमचा अर्धा दिवस. एकदा ते गाव दिसू दे, बस."

ग्योंगजाच्या ओठांवर 'तुमच्या सोयीनं' आलं होतं. पण ऑक्टोबरात नदीचं धुकं दुपारशिवाय हटत नाही आणि अर्ध्या दिवसाची गाडी दहालाच मनोऱ्यावर पोचते, हे या दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

"पूर्णच घ्या," ती वैतागून म्हणाली. "सकाळी धुकं असतं. आणि दुपारीही नाही दिसलं, तर माझ्याशी भांडायचं नाही!"

दुसऱ्या दिवशी गाडीबरोबर ग्योंगजालाच जावं लागलं. दोन वाजता मनोऱ्यावर लख्ख ऊन होतं. आजी दुर्बिणीला डोळा लावून कितीतरी वेळ कुरकुरत राहिल्या. "काही ओळखीचं नाही. काही म्हणजे काही नाही."

"आजी, तुम्ही आपल्याच बाजूची शेतं बघताय! इकडे वळा," ग्योंगजा म्हणाली.

आजींनी दुर्बीण उत्तरेकडे फिरवली.

"तो डोंगर... बैलाच्या पाठीसारखा. त्याच्या पायथ्याला आमचं घर." मग एकदम चिडून, "पण झाडं कुठायत? सगळा डोंगर बोडका! कोणी तोडली गं?"

खालून ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. ग्योंगजाने त्याला वाजवू दिलं.

गाडीत बसल्यावर आजी म्हणाल्या, "पोरी, उद्याचं एक तिकीट दे. अर्ध्या दिवसाचं चालेल. जागा सापडलीय आता."

प्यो सोंगतेंनी कपाळाला हात लावला.

"अर्ध्या दिवसाचं मुळीच मिळणार नाही!" ग्योंगजा ओरडली. "सकाळी धुकं असतं म्हणून किती वेळा सांगायचं, आजी?"