झाकणाखालचा तुकडा

मोटारसायकलची मूठ हळूच पिळली की इंजिनाने लगेच "हो" म्हणायला हवं, "बघतो" म्हणायला नको. वस्तादाचं सगळं शास्त्र एवढंच होतं. कार्बोरेटर नावाचं मुठीएवढं भांडं, त्यात पेट्रोल आणि हवा किती मिसळायची हे ठरवणारा एक स्क्रू, आणि त्या स्क्रूवर अर्धं आयुष्य काढलेला हा माणूस. इंजिन गरम होईपर्यंत तो कुणाशी बोलत नसे. मग स्क्रू थोडा आत, गाडी गुदमरायला लागली की थोडा बाहेर, आवाज सगळ्यात मोकळा लागेल तिथे थांबायचं. गिऱ्हाईक म्हणे, "वस्ताद, झालं की." वस्ताद म्हणे, "तुमचं झालं असेल, हिचं व्हायचंय."

गॅरेज म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. एक शटर, तेलाने काळी पडलेली फरशी, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने. मागच्या खोलीत बायको शिवणाचं मशीन चालवायची. तिचा टाका चुकला तरी पुढे बसून याला कळायचं, आणि तो तसं बोलूनही दाखवायचा. त्यामुळे घरात जी काही भांडणं होत, ती बहुतेक आवाजावरून होत.

पण याच खोलीत मोडलेल्या गाड्याही येत. टेम्पोतून उतरवल्या जात, पुढचं चाक आठाच्या आकाराचं झालेलं. मालक कधी कुबडीवर यायचा, कधी त्याचा भाऊ यायचा. कधी गाडी महिनोन्महिने कोपऱ्यात उभी राही आणि न्यायला कुणीच येत नसे.

त्यामुळे एकुलत्या एक मुलीला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी लागली, घरोघरी जाऊन नमुने गोळा करायचं काम मिळालं आणि मोटारसायकल हवी झाली, तेव्हा वस्तादाला कोपऱ्यातल्या त्या गाड्या आठवल्या. नको म्हणायला तोंड नव्हतं. गावभरच्या गाड्या पळवणारा बाप स्वतःच्या मुलीला कुठल्या तोंडाने अडवणार? त्याने जुनी गाडी आणली, नट न् नट सुटा करून पुन्हा बांधली. ब्रेक नवे घातले, चेन नवी घातली. आणि शेवटी जे केलं ते कुणालाच सांगितलं नाही.

ते काय, हे इथेच सांगितलेलं बरं. कार्बोरेटरच्या झाकणाखाली एक छोटं नळकांडं असतं. मूठ पिळली की तार त्याला वर ओढते, ते जितकं वर जाईल तितकी इंजिनाला वाट मोकळी. वस्तादाने पेट्रोलच्या जाड नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापला आणि झाकणाखाली बसवला. नळकांडं अर्ध्यावर येऊन त्याला टेकलं. मूठही तिथेच थांबली. साप मरावा आणि लाठीही तुटू नये, असा हा बेत.

मग या अर्ध्या गाडीला त्याने असा सूर लावला की ती पुरी वाटावी. कुठे धक्का नाही, अडखळणं नाही, मूठ जाईल तिथवर नुसतं लोणी. इतकं सुरेख काम त्याने जन्मात केलं नव्हतं, आणि ते कुणाला दाखवायची सोय नव्हती. बायकोच्या पोटात गोष्ट राहत नाही म्हणून तिला सांगितलं नाही, असं तो स्वतःला सांगे. खरं म्हणजे ती नको म्हणाली असती, आणि तिचं बरोबर असतं.

मुलीने दुसरी गाडी कधी चालवलीच नव्हती. मूठ फिरते तेवढीच गाडीची हद्द, असं ती धरून चालली. अधूनमधून कुरकुर करायची, "बाबा, चढाला जीव नाही हो हिच्यात."

"लहान इंजिन आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत."

वस्तादाचीच मुलगी ती, दुसऱ्या मेकॅनिकला विचारायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. वर्ष असंच गेलं आणि वस्ताद सुखाने झोपत राहिला.

एका दुपारी ती कोपरावर रुमाल बांधून घरी आली. चढावर ट्रकला मागे टाकायला गेली होती. निम्म्यात असताना समोरून बस आली. तिने मूठ शेवटपर्यंत पिळली आणि गाडी आपल्या त्याच शांत चालीने चालत राहिली. ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून पुढे शिरायला जागा मिळाली, आणि ती कडेच्या खडीत घसरली.

"नमुने सगळे शाबूत आहेत," ती आईला म्हणाली, "फक्त माझं जरा सांडलं." मग बापाकडे वळली. "माझीच चूक, बाबा. हिची ताकद माहीत असून पुढे काढायला गेले."

वस्तादाने तिच्या कोपरावरचा रुमाल सोडला. त्याला भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली. ती पडली म्हणून आई रागावत होती, आणि ज्याच्यावर रागवायचं तो शेजारी बसून जखमेवर फुंकर घालत होता.

सकाळी ती उठायच्या आत त्याने झाकण उघडलं. तुकडा काढून स्टुलावर ठेवला, तेवढ्यात ती चहाचा कप घेऊन दारात आली.

"हे काय?"

काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. पण तिच्या कोपरावरची पट्टी समोर होती.

"मी बसवलं होतं. तू जोरात जाऊ नयेस म्हणून."

"कधी?"

"गाडी दिली तेव्हाच."

त्याने झाकण लावल्यावर तिने कप खाली ठेवला आणि मूठ पिळली. रोजच्या जागी हात थांबेल असं तिला वाटलं होतं. तो थांबला नाही, तेवढाच आणखी पुढे गेला.

"एवढी फिरते?" तिने विचारलं. मग कप तिथेच सोडून ती आत गेली.

त्या दिवसापासून तिने गाडी सिग्नलजवळच्या गॅरेजमध्ये न्यायला सुरुवात केली. तिथल्या मेकॅनिकला कान नाही, नुसता हात आहे, म्हणून वस्ताद त्याला लोहार म्हणायचा. रोज सकाळी गाडी दारातून निघे तेव्हा पहिल्या रेसला ठसकायची, मग भानावर यायची. वस्ताद पाना हातात धरून ऐकत राही. बायको एकदा म्हणाली, "अहो, सांगा ना तिला काहीतरी."

"काय सांगू?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मी मशीन चालवते."

एका थंड सकाळी गाडी दारातच बंद पडली. दोनदा, तीनदा. वस्ताद स्क्रूड्रायव्हर घेऊन बाहेर आला आणि गाडीपासून दोन हातांवर थांबला. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग हात पुढे केला.

"तुम्ही सांगा. मी फिरवते."

त्याने स्क्रूड्रायव्हर दिला आणि हात मागे बांधले. तिने गाडी कशीबशी चालू केली, गरम होऊ दिली. तो सांगत गेला. आत घे. हळू. आता बाहेर. ती घाईत होती, तिने जास्तच फिरवला. इंजिन फडफडलं. "मागे," तो म्हणाला. तिने मागे घेतला आणि मूठ पिळून पाहिली.

"झालं?"

"नाही. अजून एवढीशी अडखळते."

तिने कान देऊन ऐकलं. "मला नाही कळत."

"कळेल."

"पोचेन ना मी?"

"पोचशील."

स्क्रूड्रायव्हर तिने त्याला परत दिला नाही, आपल्या पिशवीत टाकला. गाडी वळणावर ठसकली, सावरली, आणि मग तिने मूठ पुरी पिळलेली त्याला ऐकू आली. इंजिन मोकळ्या गळ्याने वर चढत गेलं. वस्ताद आवाज विरेपर्यंत उभा राहिला, हात मागेच बांधून.