पौषाचं निमित्त

आमच्या गावच्या खळ्यातून कन्नडचा घाट दिसायचा. गाव चाळीसगावपासून दोन कोसांवर. दक्षिणेला तोंड केलं की डोंगराची निळी भिंत, आणि नीट पाहिलं तर तिच्यावर चढत गेलेली रस्त्याची पुसट रेघ. जन्मापासून बघत आलेला हा डोंगर आम्हा दोघा भावांपैकी एकानेही चढलेला नव्हता. वर निजामाचं राज्य, म्हणून वडिलांनी कधी जाऊ दिलं नाही. वडील गेले, मग रझाकारांचे दिवस आले, तेव्हा तर त्या बाजूचं कोणी नावही काढेना. पोलीस ॲक्शनने निजामाचं राज्य गेलं आणि वाट मोकळी झाली, तोवर आम्ही दोघंही गाव सोडून गेलो होतो. भाऊ धुळ्याला एका जिनिंगमध्ये फिटर होता. मी जळगावला कचेरीत कारकून, आणि माझ्या हातचं खाऊन मी मरेन या भीतीने माय माझ्याजवळ राहायला आली होती.

भाऊने चौथीतून शाळा सोडली ती मी शिकावं म्हणून. हे तो कधी बोलून दाखवायचा नाही, त्यामुळे मला ते जास्तच लागायचं. मॅट्रिकची फी, पहिली पँट, कचेरीत जायला सायकल, सगळं त्याचं. त्याने माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली. पोलीस ॲक्शननंतरच्या दुसऱ्या दिवाळीला तो जळगावला आला आणि जेवताना म्हणाला, "आपण दोन्ही भाऊ सायकलवर घाट चढूत. वरथीन आपलं गाव दिखस म्हने."

मी हसलो. माझी सायकल घर ते कचेरी एवढाच प्रवास जाणत होती, आणि एव्हाना माझं पोटही तेवढ्याच प्रवासाच्या मापाचं झालं होतं. पण भाऊ हसत नव्हता. म्हणाला, "तू फक्त ये. बाकीनं बठ्ठं मी करस."

आणि खरंच त्याने केलं. कपाशीचा हंगाम म्हणजे जिनवाल्यांना मरायलाही सवड नाही. कार्तिकापासून होळीपर्यंत रजा मागणं म्हणजे वेड्यात निघणं. फक्त मध्ये एकदा बॉयलर धुवायला दोन दिवस जिन बंद असायची. तेच दोन दिवस त्याने धरले. तो धुळ्याहून सायकल मारत चाळीसगावला यायचा, मी माझी सायकल आगगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये टाकून न्यायची, धर्मशाळेत मुक्काम, आणि उजाडताच घाट. महिनाभर त्याची कार्डं येत राहिली. जिनमध्ये कापूस घेऊन येणाऱ्या गाडीवानांना गाठून त्याने सगळा घाट विचारून घेतला होता. कोणत्या वळणावर चढण छातीवर येते, कुठे उतरून सायकल ढकलायची, पाण्याचा झरा कुठे. गाडीवान घाट उतरताना गाडीमागे लाकडाचा ओंडका बांधतात, म्हणजे तो घासत येतो आणि गाडी बैलांच्या अंगावर जात नाही. आपणही सायकलींना मागे बाभळीची एकेक फांदी बांधू, असं त्याने लिहिलं होतं. ब्रेकचे रबर उतारावर टिकणार नाहीत म्हणून जिनमधल्या कापूस ओढणाऱ्या रुळाचं टाकाऊ चामडं कापून त्याने दोन्ही सायकलींसाठी ब्रेकचे ठोकळे केले. माझ्यासाठीचे चार ठोकळे कापडात शिवून टपालाने आले. मायने ते हातात घेऊन बराच वेळ पाहिले. थोरला पोरगा काहीतरी स्वतःसाठी करतोय याचंच तिला अप्रूप होतं. ती रोज मला निघायचा दिवस विचारायची आणि दशम्या दुधात मळू की गुळाच्या पाण्यात, यावर माझं मत घ्यायची.

माझं मन मात्र बसत नव्हतं. आधी वाटलं, दम लागेल, हसं होईल. तेही एक वेळ चाललं असतं. पण त्याच दोन दिवसांतल्या रविवारी आमच्या साहेबांनी त्यांच्या मळ्यात भरताचा बेत ठरवला. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, कळण्याच्या पुऱ्या, केळीच्या पानावर पंगत. कचेरीतल्या सगळ्यांना बोलावणं नव्हतं. मला होतं. साधा कारकून मी; साहेबांच्या शेजारी मांडी घालून बसायला मिळणार म्हणून हुरळून गेलो. आज हे लिहितानाही लाज वाटते, पण तेव्हा त्या पंगतीपुढे मला घाट क्षुल्लक वाटला.

भाऊला हे कसं लिहिणार? म्हणून मी पौष पुढे केला. बॉयलरचे दोन दिवस नेमके पौषात येत होते. मी कार्ड टाकलं की माय पौषात निघू देत नाही, भाकड महिन्यात डोंगर चढायला नको म्हणते. आणि मायला सांगितलं की भाऊची रजा रद्द झाली. दोघांना दोन थापा, आणि मध्ये मी निवांत. मायला वाचता येत नव्हतं, भाऊ मायच्या शब्दापुढे जात नव्हता. या दोन्ही गोष्टी मला पक्क्या ठाऊक होत्या, म्हणूनच ते इतकं सोपं गेलं.

त्याचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. "मायचा शब्द मोडायचा नाही. पुढल्या साली बघू." एवढंच.

भरीत फार चांगलं झालं होतं. साहेबांनी माझ्या पानात स्वतःच्या हाताने वाढलं. सोमवारी दुपारी कचेरीत तार आली. भाऊला अपघात, निघा.

चाळीसगावला गाडी बदलून मी मायला घेऊन धुळ्याला पोचलो. दवाखान्याच्या व्हरांड्यात वहिनी भिंतीला टेकून बसली होती. जे कळलं ते असं. रजा होती, पण जायचं रद्द झालं म्हणून भाऊ घरी बसला नाही. बंद जिनमध्ये पट्टे बसवायला माणूस कमी होतं, तो कामावर गेला. बॉयलर धुऊन झाला, यंत्र चालवून बघायला घेतलं, आणि पट्ट्याने त्याचा उजवा हात ओढला. चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

माय आत जायला निघाली तशी वहिनी उठून दारात आडवी आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती म्हणाली, "तुमना पौषनी यास्ना हात खाई टाका."

मायला काही कळलं नाही. तिने वहिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली. तेवढ्यात तिला सगळं कळलं असावं. रजा रद्द झाली हे खोटं, तिने पौष काढला हे खोटं, आणि दोन्ही खोट्यांचा धनी तिच्यासमोर उभा. मला वाटलं, आता ती बोलेल. मी अंग चोरून उभा राहिलो. तिने वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हा बाई. मन्हंच चुकनं."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. मी पाणी आणतो म्हणून बाहेर गेलो.

भाऊला जिनमध्ये दारावर बसायचं काम मिळालं. ज्या हातांनी कुठलंही बंद यंत्र सुरू व्हायचं त्यातला एक आता हजेरीच्या वहीवर नुसता टेकलेला असायचा. सायकलची मूठ त्याला धरता येईना. घाटाचा विषय त्याने परत काढला नाही, आणि मायला दोष तर कधीच दिला नाही. वहिनीने मात्र दिला. सणावाराला आम्ही धुळ्याला गेलो की ती मायला पाट मांडायची, ताट वाढायची, पण तिच्याशी बोलायची नाही. नातवंडं आजीच्या मांडीवर बसली की हाक मारून उठवायची. माय रिकामी मांडी पुसल्यासारखी करायची. हे दहा वर्षं चाललं. मी दर वेळी ते बघितलं, जेवलो, आणि परत आलो.

संयुक्त महाराष्ट्र व्हायच्या आदल्या हिवाळ्यात माय अंथरुणाला खिळली. दुपारी ऊन पायाशी आलं की तिला बरं वाटायचं. अशाच एका दुपारी मी तिला विचारलं, की माय, त्या दिवशी तू माझं खोटं स्वतःवर का घेतलंस? इतकी वर्षं का घेत राहिलीस? तिने डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली.

मग म्हणाली, "त्याना हात ते गयता. मंग भाऊबी जाऊ देऊ का?"

मी रडलो. तिने मला रडू दिलं, पण समजूत काढली नाही. मी शब्द दिला की धुळ्याला जाऊन भाऊला आणि वहिनीला सगळं सांगतो. तिने मान हलवली, ती हो म्हणून की नको म्हणून ते मला कळलं नाही. आठ दिवसांनी ती गेली.

तेराव्याला भाऊ-वहिनी जळगावलाच होते. पानं उठली, पाहुणे पांगले, आम्ही तिघंच ओसरीवर उरलो. आता सांगायचं, असं मी मनाशी घोकत होतो. तेवढ्यात वहिनी, जी कधी मायचं नाव घेत नव्हती, आपणहून बोलली.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "मरेल मानूसवर काय राग धरना. मी माफ करी टाकं त्यास्ले."

भाऊने डाव्या हाताने डोळे पुसले. म्हणाला, बरं केलंस. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलतो का म्हणून. मी म्हणालो, "हो. बरं केलंत, वहिनी."