गळा तिच्याकडे, तबला माझ्याकडे

वरळीच्या बीडीडी चाळीत, दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये, रविवारी सकाळी एक माणूस बरोब्बर मधोमध स्टूल टाकून डोळे मिटून बसायचा. अख्खा मजला त्याला वळसा घालून बादल्या न्यायचा. तो माणूस म्हणजे माझा नवरा, कुशाबा घाडी. तोंडाने मी त्यांचं नाव उखाण्यापुरतंच घेतलं. लिहिताना घ्यायला हरकत नाही.

माणूस तसा सरळ. गिरणीत वायरमन होते. संपात गिरणी गेली, तेव्हा लॅमिंग्टन रोडला एका दुकानात अँप्लिफायर दुरुस्त करायला लागले आणि तिथेच म्हातारे झाले. दारू नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. आमच्या गावच्या बायका म्हणायच्या, ‘लक्ष्मी, नशीब काढलंस गो.’ त्यांचं काय जातंय म्हणायला! लोकांच्या घरी कॅसेटी आल्या तेव्हा त्यांनी रेकॉर्डी भंगारात दिल्या, आणि त्या चोरबाजारातून फिरून आमच्या दहा बाय सोळाच्या खोलीत राहायला आल्या. हे त्यांना मोरीत नळाखाली धरून बाळासारखी आंघोळ घालायचे. मधल्या कागदाला थेंब लागू द्यायचे नाहीत. मग माझ्या भांड्यांच्या मांडणीत त्या निथळत उभ्या राहायच्या आणि माझी ताटं जमिनीवर. आमचा मुलगा राकेश तान्हा होता तेव्हा त्याला ह्यांनी कधी एवढ्या हळू हातांनी धरल्याचं मला आठवत नाही.

तेही चाललं असतं. रेकॉर्ड काही माणूस नव्हे. पण मग ह्यांनी स्टिरिओ केला.

आधी आमच्याकडे मोनो होता. एक स्पीकरची पेटी, एक आवाज. तो ह्यांना पुरेना. दुकानातल्या टाकाऊ मालातून स्वतःच्या हाताने नवा सेट बांधला आणि दोन पेट्या आणल्या. मला समजावायला बसले, ‘मोनोत गाणारो समोर येवन उभो रवता. स्टिरिओत सगळे आपापल्या जाग्यार बसतत. कोण डावीकडे, कोण उजवीकडे. पण तां आयकूचा तर बरोबर मधी बसाक व्हया.’

मधे म्हणजे कुठे? आमच्या खोलीत मध्यावर कॉट. एक पेटी कपाटावर ठेवली, दुसरी मोरीच्या कट्ट्यावर. एक वर, एक खाली. गाणारा छतावर आणि तबलजी पाण्यात. हे दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी दार उघडं टाकून बसले होते, तर त्यांची नजर पॅसेज ओलांडून समोरच्या खोलीत गेली. आमच्या दारासमोर बरोबर दार. मधे सात-आठ फुटांचा पॅसेज. आणि त्या दारात बकुळा तांबे.

बकुळाताई बालवाडीच्या बाई. साडीची निरी इस्त्रीसारखी, बोलणं पुण्याच्या रेडिओसारखं. नवरा राजाराम गोदीत. ह्यांनी विचारलं आणि ती लगेच म्हणाली, “ठेवा की भावजी. आमच्याकडे जागा आहे.” जागा कसली? तिची खोली आमच्याएवढीच. पण ठेवली. दारांच्या वरून खिळे मारून वायर पलीकडे गेली. डावी पेटी माझ्या घरात, उजवी तिच्या. आणि मधे पॅसेजमध्ये, खिडकीकडे तोंड करून, हे. दोघींकडे पाठ नाही, दोघींकडे तोंडही नाही.

पहिल्याच रविवारी माझ्या लक्षात आलं. त्या काळच्या बऱ्याच स्टिरिओ रेकॉर्डींत गाणारा एका बाजूला आणि वाजवणारे दुसऱ्या बाजूला बसवलेले असायचे. ह्यांच्या आवडीच्या जवळजवळ सगळ्या तशाच. माझ्या चुलीशी सकाळपासून नुसतं धा धिं धिं धा. आणि गळा? गळा पलीकडे, बकुळाताईंच्या घरात. माझ्यापर्यंत यायचा तो शेजारच्या लग्नातल्या जेवणाच्या वासासारखा.

मी बांगडे साफ करत होते. सुरी टाकून बाहेर आले आणि विचारलं, “गाणारी तिच्याकडे का?”

‘रेकॉर्डच तशी आसा, मी काय करू?’

“दोन वायरींचा तर प्रश्न. इकडची तिकडे करा.”

‘मगे डावा उजव्याक जायत. माका उलटा बसाक लागात, संडासाकडे तोंड करून.’

पॅसेजच्या एका टोकाला खिडकी होती आणि दुसऱ्या टोकाला सगळ्या मजल्याचे संडास. म्हणजे ह्यांना समोर उजेड दिसावा म्हणून मी जन्मभर तबला ऐकायचा.

माझा जळफळाट व्हायचा. खोटं कशाला बोलू? बाई वाईट असती तर बरं झालं असतं. ती वाईट नव्हती, ह्यांच्याकडे डोळा वर करून बघतही नव्हती. तिचा नवरा बिचारा उशाशी स्पीकर असूनही घोरायचा. पण गाणं लागलं की ती दाराच्या चौकटीला टेकून भाजी निवडायची आणि तिचे ओठ हलायचे. शब्द तिला पाठ. मला काय पाठ होणार, तिरकिट? माझ्या नवऱ्याने धुतलेली रेकॉर्ड, माझ्या मांडणीत वाळलेली, आणि तिच्यातली गाणारी जाऊन बसणार दुसरीच्या घरात!

मोनोच्या रविवारी मी माणसात असायचे. मोनोची रेकॉर्ड लावली की दोन्ही घरांत सारखंच. जेवढं तिला तेवढंच मला. म्हणून मी शनिवारपासूनच मागे लागायची, ‘उद्या मोनो लावा, मोनोचा आवाज कसा भरलेला असतो, पोटातून येतो.’ हे खूश व्हायचे, बायकोला कान आला म्हणून. आणि रविवारी समोरून ती म्हणायची, “आज स्टिरिओ नाही का, भावजी?” की माझं रक्त उकळायला लागायचं.

राजारामभावजी गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली. दिवस झाल्यावर ह्यांनी विचारलं, पेटी काढून घेऊ का? ती म्हणाली, “राहू दे. तेवढीच सोबत.” तिने त्या पेटीवर बुद्धाची मूर्ती ठेवली होती, समोर रोज ताजं फूल. माझ्या पेटीवर गणपती. आवाज त्या दोघांच्या खालून यायचा. मला तिची दया यायची, दोन भाकऱ्या जास्त थापून मी स्वतः नेऊन द्यायची, आणि रविवारी पुन्हा माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दोन्ही एकाच मनात राहतात. ज्याला पटत नसेल त्याने समोरच्या खोलीत नवऱ्याची पेटी ठेवून बघावी.

शेवटी चाळ पाडायची ठरली. नव्या इमारती उभ्या राहत होत्या, सामान बांधायची बोलणी सुरू झाली होती, आणि मला वाटलं, एकदा तरी गळा माझ्या घरात येऊ दे. हे मासळी आणायला गेले तेव्हा मी सेट पुढे ओढला. लाल वायर, काळी वायर, इतकी वर्षं बघतच होते. इकडची जोडी तिकडे लावली, सेट जागेवर ढकलला आणि कांदा चिरायला बसले.

हे आले. स्टूल टाकलं. सुई ठेवली. आणि गाणारी आमच्या कपाटाशेजारून गायला लागली. काय सांगू! श्वास घेते तेसुद्धा ऐकू येत होतं. कांद्याचं निमित्त होतं म्हणून बरं.

बाहेर ह्यांच्या भुवया वर गेल्या. मला वाटलं, आता उठतील, ओरडतील. उठले खरे. पण घरात आले नाहीत. स्टूल उचललं, उलटं फिरवलं आणि पुन्हा बसले. डोळे मिटून, संडासाकडे तोंड करून. डावं पुन्हा डावीकडे, उजवं उजवीकडे. त्यांचं काम झालं. डबा घेऊन येणारी-जाणारी माणसं संकोचून भिंतीला लागून जात होती आणि हा माणूस त्यांच्यासमोर समाधी लावून बसला होता.

तेवढ्यात बकुळाताई मेथीची जुडी घेऊन माझ्या घरात शिरल्या. थेट कॉटवर बसल्या. “आज गळा तुमच्याकडे आलाय वाटतं, वहिनी,” म्हणाल्या आणि निवडायला लागल्या. ओठ हलतच होते. म्हणजे गाणारीही तिची, कॉटही तिची! पुढच्या शनिवारी मीच वायरी होत्या तशा केल्या. रविवारी ह्यांनी स्टूल पुन्हा खिडकीकडे फिरवलं.

मग नव्या घरांची लॉटरी निघाली. आम्ही एका टॉवरमध्ये, बकुळाताई दुसऱ्यात. मी वरळीच्या देवळात जाऊन नारळ फोडला. निघायच्या दिवशी ह्यांनी दारावरची वायर काढून कोपराभोवती गुंडाळली. बकुळाताईंनी पेटी जुन्या नऊवारीत बांधून दिली. घरी आणून सोडली, तर वरच्या लाकडावर मूर्तीच्या जागी एक गडद चौकोन. बाकीची पेटी उन्हाने फिकी पडलेली आणि तेवढा तुकडा नवा कोरा. मी त्यावर क्रोशाचा रुमाल टाकला. दुसऱ्या दिवशी ह्यांनी तो काढून ठेवला, आवाज दबतो म्हणून. वरच्या लाकडातून कधी आवाज येतो का?

नवा हॉल ऐसपैस. दोन्ही पेट्या भिंतीशी, मधे सोफा. हे सोफ्यावर बसले नाहीत. स्टूल आणलं, मोजून मध्यावर ठेवलं, डोळे मिटले. आता गळाही माझ्याच घरात, तबलाही माझ्याच घरात, नवराही. मी किचनच्या दारात उभी राहिले, आता हाक मारतील, मग मारतील. रेकॉर्डची बाजू संपली. हे उठले, बाजू बदलली, पुन्हा बसले. स्टुलावर एकाचीच जागा, हे मला तेव्हा नीट कळलं. म्हणजे चाळीत तरी आम्ही दोघी होतो बाहेर राहिलेल्या. इथे मी एकटीच.

आणि त्यातही ह्यांचं समाधान होईना. पेट्या पुढे घे, मागे घे, तिरप्या कर. पडदा लावला, काढला. राकेशने मोबाईलवर काहीतरी बघून भिंतीला फोम लावायला सांगितला. तीन रविवार हेच. चौथ्या रविवारी अर्ध्या गाण्यातून सुई उचलली आणि म्हणाले, ‘कायतरी कमी पडता.’

मी विचारलंच. “बकुळाताईंची आठवण येते?”

‘येता,’ हे म्हणाले.

असं सरळ! थोडं अडखळायचं तरी. हे आपले पेटीकडे बघत बोलतच होते. ‘तिच्या घरातसून आवाज दारातसून येय. हय नुसतो भिंतीर आपटता.’ आता ह्यांना आठवण दाराची येत होती की दारातल्या बाईची, हे कोण सांगणार? मी सांगणार. मी फोन उचलला आणि बकुळाताईंना म्हटलं, “या रविवारी या. स्टिरिओ आहे.” एकदा सोक्षमोक्ष लागू दे. गाणं चालू असताना ह्यांची नजर कुठे जाते, ते मी माझ्या डोळ्यांनी बघणार होते.

त्या आल्या. थकल्यात आता, पण निरी तशीच. सोफ्यावर टेकणार, तोच मी म्हटलं, “तिथे नाही. इथे.” आणि त्यांचा हात धरून त्यांना स्टुलावर बसवलं. हे रेकॉर्ड हातात धरून उभेच राहिले. त्या स्टुलावर ह्यांच्याशिवाय दुसरं कोणी कधी बसलं नव्हतं, राकेशसुद्धा नाही. पण पाहुण्या बाईला ऊठ कसं म्हणणार? सुई ठेवली.

मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. हे बकुळाताईंकडे बघत नव्हते. हे आपलं स्टूल बघत होते, सायकल दुसऱ्याने पळवलेल्या मुलासारखे.

बकुळाताईंचे ओठ सवयीने हलले आणि थांबले. डाव्या पेटीकडे मान वळली. गाणं संपेपर्यंत त्या तिकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, “वहिनी, एवढा तबला होता यात? माझ्याकडे गळा तेवढा यायचा. मी दारातून बघायचे, तुम्ही मसाला वाटायचात आणि तुमचा हात ठेक्यात चालायचा. वाटायचं, हिच्याकडे खरी मजा आहे, आपल्याला नुसते शब्द. इतका राग यायचा तुमचा!”

“माझा?”

“तुमचा. जीव जळायचा माझा.”

देवाशपथ सांगते, नव्या फ्लॅटची किल्ली हातात आली तेव्हासुद्धा मला एवढं बरं वाटलं नव्हतं. इतकी वर्षं ती माझ्यावर जळत होती! मी म्हटलं, “अहो, दुसरी बाजू लावा. बसा हो बकुळाताई, आरामात ऐका. मी चहा टाकते.”

मी किचनमध्ये आले. पाणी ठेवलं. मागे पावलं वाजली, बघते तर हे. ह्यांना बसायला जागाच उरली नव्हती. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, हा माणूस रविवारी सकाळी चुलीजवळ कधी आला नव्हता. ओट्याला टेकून उभे राहिले, कान बाहेर. मी आलं किसायला दिलं, तर किसायला लागले. किसणीवरचा हात आपोआप तबल्यावर चालायला लागला. दोघांनाही ओट्याशी जागा कमी पडत होती, खांद्याला खांदा लागत होता, आणि मी काही सरकले नाही.

‘हयसून काय कळणा नाय गो,’ हे कुरकुरले. ‘सगळा एकाच बाजून येता.’

“येऊ दे,” मी म्हटलं. “साखर घाला.”