वहीतले तीन दिवस

रेवा गेल्याचं डॉक्टरांनी आधी मलाच सांगितलं. दवाखान्यात तिच्याजवळ मीच होते. वरून म्हणाले, "दो-तीन दिन पहले लाते तो..." तिचे वडील, म्हणजे माझा दादा, जळगावहून निघून वाटेत होता. आल्या आल्या त्याने विचारलं, "शालू, ताप कधीपासून होता?" मी म्हटलं, "कालपासून." महिना झाला, त्या एका शब्दाने मला धड जेवू दिलेलं नाही.

रेवा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत इथल्या कॉलेजात एका मॅडमच्या हाताखाली काम करायला आली आणि माझ्याकडे राहिली. करंजाच्या पानांवर काळे डाग पडतात, ती बुरशी असते म्हणे. सिमरोल, मानपुर, आसपासच्या गावांत जिथे करंज दिसेल तिथून ती पानं आणायची आणि वर्तमानपत्रात घालून फळीखाली दाबून ठेवायची. कागद रोज बदलावे लागत, नाहीतर पानांवर दुसरीच बुरशी चढते. पहिल्याच दिवशी मी ती पानं केरात टाकायला निघाले, तर केवढी हसली! "अरे आत्या, तू तर माझा पूरा प्रोजेक्टच झाडून टाकशील!" मग मलाच कागद बदलायला शिकवलं. वहीत लिहायलाही लावलं. मी चौथी शिकलेली, लाजले. ती म्हणाली, "ज्याने काम केलं त्यानेच लिहायचं. चुकलं तर एक रेघ मारायची. पान फाडायचं नाही, फाडलं की वही खोटी."

शेवटच्या आठवड्यात तिला ताप आला. मी दादाला फोन लावत होते, तर तिने मोबाइलच काढून घेतला. "पप्पा लगेच घेऊन जातील ग. तीनच दिवस राहिलेत. बुखारच तर आहे, टेन्शन मत ले ना!" मी गोळ्या दिल्या आणि गप्प बसले. मला कुणाला नाही म्हणता येत नाही... चौथ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही, तेव्हा रिक्षा बोलावली.

परवा तिचं सामान आवरताना ती वही उघडली. माझंच अक्षर. "रेवाला ताप. कागद मी बदलले." खाली दुसरा दिवस, तिसरा दिवस, तारखांसकट. दादा दुसऱ्या दिवशी सामान न्यायला येणार होता. पान चिमटीत धरलं... आणि सोडून दिलं.

काल दादा आला. वही पिशवीत घालायला लागला, तेव्हा मी म्हटलं, "थांब. आधी हे पान वाच." त्याने चष्मा लावला. तीन ओळी वाचायला किती वेळ लागावा? मी भिंतीला टेकून उभी होते.

"तू लिहिलंस?"

"हो दादा."

त्याने चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला. तिचे कपडे, पुस्तकं, चपलासुद्धा नेल्या. वही त्याच पानावर उघडी ठेवून गेला. ती तशीच टेबलावर आहे. मी मिटलेली नाही, हातच लावलेला नाही. घरी पोचलं की दादा नेहमी फोन करतो. अजून फोन आलेला नाही... आणि तो वाजेल, याचीच मला भीती वाटते आहे.