मामाच्या वहीतलं ‘पंखा बंद’

माझा मामा शहापुरात रेडिओ दुरुस्त करायचा. तरुणपणी त्याने निकामी रेडिओंचे भाग जोडून एक वाजवायची पेटी केली. तिचा आवाज कुठल्याच वाद्यासारखा नव्हता. बँजो पार्टीवाल्यांनी ती एका हळदीत वाजवून पाहिली आणि नाचणारी माणसं जागच्या जागी उभी राहिली. मामाने दोष नाचणाऱ्यांना दिला आणि पेटीमागचे आपले विचार वह्यांत लिहीत बसला.

दोन वर्षांपूर्वी मुंबईहून एक संशोधक आले. हातमागाचा सदरा, कानात बाळी, आणि आमचं अंगण पाहूनच भरून आलेले डोळे. वह्या चाळून त्यांनी जाहीर केलं, “हे इलेक्ट्रॉनिक संगीताचे आद्य प्रवर्तक आहेत.”

मामी चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, “आमी तर यांना बिनकामाचे समजत होतो.”

मी मुरबाडला शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे मामाचं किरटं अक्षर लावून द्यायचं काम माझ्याकडे आलं. वाचताना मीच चाट पडले. एके ठिकाणी त्याने लिहिलं होतं : म्हसा गावच्या जत्रेत पाळण्याचा, तमाशाचा, खेळणीवाल्याचा, सगळ्यांचे भोंगे एकदम वाजतात. चालणारा प्रत्येक जण त्यातून आपलं वेगळं गाणं ऐकत जातो. मग ते गाणं वाजवणाऱ्याचं की चालणाऱ्याचं?

संशोधकांनी ते पान उलटलं. ते भाळले भलत्याच पानावरच्या दोन शब्दांवर : ‘पंखा बंद’.

मुंबईच्या एका सभागृहात, मामावरच्या कार्यक्रमात, त्यांनी हे दोन शब्द डोळे मिटून, तीन वेळा वाचले. मग वीस मिनिटं ग्रामीण मौनावर बोलले. मंचावर बसलेला मामा चुळबुळत होता. शेवटी त्याने माईक ओढला.

“अहो, पंखा चालू असला की पेटीत घरघर यायची. म्हणून लिवलंय.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मामाने वाकून मला विचारलं, “टाळ्या कशाला गो?”

मग तो आपणहून बोलला. “तबल्यावर थाप मारली की आवाज आपोआप मरतो. पेटीतला मरत नाय. तो कुठं थांबवायचा ते आपल्यालाच ठरवाय लागतं. मी जन्मभर तेवढंच शिकलो, ते पण नीट नाय.”

संशोधकांनी मान डोलावली आणि विचारलं, “ही लय तुमच्या मातीतून आली का?”

“ट्रान्झिस्टरातून आली,” मामा म्हणाला.

पुढे पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर मामाचे सुरकुतलेले हात. आत जत्रेचं पान नाही, पेटीच्या जोडणीच्या आकृत्या नाहीत. वाचकांना जड जातील, असं कळवण्यात आलं. ‘पंखा बंद’ला मात्र अख्खं कोरं पान मिळालं होतं. मामाने पुस्तक मिटलं आणि वह्यांच्या गठ्ठ्याखाली सरकवून दिलं.

त्या सभागृहात एकच प्रश्न कामाचा आला होता. वाशिंदची एक इंजिनीअरिंगची मुलगी उठून म्हणाली होती, “काका, आवाज स्थिर राहावा म्हणून काय केलंत?” वेळ संपल्याचं सांगून तिला खाली बसवलं गेलं. मी तिला शोधून काढलं आणि आकृत्यांचे फोटो पाठवले. चार महिन्यांनी ती स्वतः जोडलेली पेटी घेऊन घरी आली. मामाने कान लावून ऐकलं.

“लय वाईट वाजतंय,” तो खुशीत म्हणाला आणि पेटी उघडायला चष्मा शोधू लागला.